पाच चमचे राणीचे, सहावा शेफील्डचा

ब्रिटनच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या चमच्यांची ही एक पेटी. गडद निळ्या रेक्झिनचं आवरण, आत मलईरंगी सॅटिन, सॅटिनच्या झाकणावर सोनेरी अक्षरात दुकानाचं नाव आणि खाली खोबणीत बसवलेले सहा टीस्पून. विकणाऱ्याचं वर्णन एका ओळीचं होतं: १९५३ चा राज्याभिषेक, स्टर्लिंग चांदी, सहा चमचे सहा वेगवेगळ्या अ‍ॅसे ऑफिसचे (चांदी तपासून छाप मारणाऱ्या कार्यालयांचे), संच पूर्ण. घेणारं जोडपं मराठी, राहणार बर्मिंगहॅमजवळ, चांदीच्या बाबतीत नवखं. मागितलेली किंमत चांदीच्या नुसत्या धातूमूल्याच्या जवळजवळ अडीचपट होती.

दोघांनी चमचे हातात घेतल्यावर जी शंका काढली ती चुकीच्या जागी होती. ज्या चमच्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही, तोच संचातला उपरा निघाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

आधी वस्तूची ओळख. ब्रिटनमध्ये स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेला भाग बहुतेक तांबं. आपल्याकडचा सराफ याला सरळ ‘साडेब्याण्णव टंच’ म्हणतो. ही चांदी विकायला काढण्याआधी सरकारमान्य अ‍ॅसे ऑफिसमध्ये तपासून तिच्यावर छाप मारून घ्यावे लागतात. १९५३ साली अशी सहा कार्यालयं चालू होती: लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड, चेस्टर, एडिंबरा आणि ग्लासगो. राणी एलिझाबेथ दुसरी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी गादीवर आली आणि २ जून १९५३ रोजी तिचा राज्याभिषेक झाला. त्यानिमित्त एक जादा छाप मान्य झाला, राणीचं उजवीकडे बघणारं मुंडकं. तो ऐच्छिक होता, म्हणजे कारखानदाराने मागितला तरच मारायचा, आणि तो १९५२ ते १९५४ एवढ्याच काळापुरता होता. कारखानदारांनी यातून एक छान कल्पना काढली. सारख्याच घडणीचे सहा चमचे करायचे, प्रत्येक वेगळ्या गावी तपासायला पाठवायचा आणि सहाही पेटीत मांडून विकायचे. चमचा निमित्ताला, खरा माल म्हणजे छाप. काही पेट्यांत हे छाप मुद्दाम ठळक करून दांड्याच्या दर्शनी बाजूला मारलेले असतात. या पेटीत ते नेहमीसारखे मागच्या बाजूला होते. म्हणूनच विकणाऱ्याच्या वरून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नव्हतं.

पहिली शंका: अक्षरं जुळत नाहीत

जोडप्याने घरच्या भिंगाने चमच्यांवरची वर्षाक्षरं, म्हणजे छाप मारल्याचं वर्ष सांगणारी अक्षरं, वाचली. लंडनच्या चमच्यावर ‘आर’, बर्मिंगहॅमवर ‘सी’, चेस्टरवर ‘बी’, एडिंबरावर ‘डब्ल्यू’, ग्लासगोवर ‘डी’, शेफील्डवर ‘एन’. सहा चमचे, सहा अक्षरं. त्यात वर्षाक्षरांच्या तक्त्यात पाहावं तर लंडनचा ‘आर’ १९५२ चा निघतो, १९५३ चा नव्हे. त्यांचा निष्कर्ष: कुणीतरी जुने सुटे चमचे गोळा करून रिकाम्या पेटीत भरलेत.

हा निष्कर्ष पाच चमच्यांच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. का, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण अशा संचांच्या खरेदीविक्रीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

प्रत्येक अ‍ॅसे ऑफिसची वर्षाक्षरांची माळ स्वतंत्र होती. लंडनची माळ १९३६ साली ‘ए’पासून सुरू झाली, बर्मिंगहॅमची १९५० साली, चेस्टरची १९५१ साली. त्यामुळे एकाच वर्षी एका गावाचं अक्षर ‘आर’ आणि दुसऱ्याचं ‘सी’ असणं अगदी साहजिक आहे. उलट सहा चमच्यांवर एकच अक्षर दिसलं तर दचकायला हवं. सगळीकडे एकच अक्षर ही पद्धत १ जानेवारी १९७५ पासूनची, १९७३ चा हॉलमार्किंग कायदा लागू झाल्यानंतरची.

अक्षर बदलायचा दिवसही जागोजागी वेगळा होता. लंडनचं अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, बर्मिंगहॅम, शेफील्ड, चेस्टर आणि ग्लासगोचं जुलैमध्ये, एडिंबराचं थेट ऑक्टोबरमध्ये. म्हणजे कोणतंही अक्षर जानेवारी ते डिसेंबर असं चालत नव्हतं. लंडनचा ‘आर’ मे १९५२ ते मे १९५३ असा चालला. आता दुकानदाराच्या बाजूने विचार करा. राज्याभिषेक २ जूनचा, पेट्या गिऱ्हाइकाच्या हाती पडायला हव्यात त्याच्या आधी. मग चमचे तपासायला जाणार १९५२ च्या उत्तरार्धात किंवा १९५३ च्या पहिल्या काही महिन्यांत, आणि त्यांच्यावर पडणार १९५२-५३ चीच अक्षरं. ‘आर, सी, के, बी, डब्ल्यू, डी’ हा लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड, चेस्टर, एडिंबरा, ग्लासगो या क्रमाने लावलेला मेळ म्हणजे सोहळ्याआधी तयार झालेल्या पेटीची खूण. तक्त्यात ‘१९५२’ दिसलं म्हणून ‘हा राज्याभिषेकाचा नाही, वर्षभर आधीचा आहे’ असं म्हणणारे विक्रेतेसुद्धा भेटतात. त्यांच्याकडून वस्तू स्वस्तात मिळते, त्यामुळे त्यांना दुरुस्त करायची घाई कुणी करत नाही.

सोहळ्यानंतर भरलेली पेटी वेगळी दिसते. जून १९५३ मध्ये लंडनचं अक्षर ‘एस’ झालेलं असतं, बाकीची पाच जुनीच. जुलै उलटल्यावर बर्मिंगहॅम ‘डी’, शेफील्ड ‘एल’, चेस्टर ‘सी’, ग्लासगो ‘ई’ होतात, पण एडिंबरा अजून ‘डब्ल्यू’वरच अडलेलं. ऑक्टोबरनंतर तेही ‘एक्स’. शिवाय सहा गावांहून चमचे कारखान्यात परत येणार वेगवेगळ्या आठवड्यांत आणि पेटी भरणारा हाताला येईल तो उचलणार. म्हणून १९५२-५३ आणि १९५३-५४ या दोन वर्षांतल्या अक्षरांची सरमिसळ हा दोष नाही.

एक खोच आणखी. ‘डी’ हे अक्षर ग्लासगोच्या चमच्यावर असेल तर १९५२-५३, बर्मिंगहॅमच्या चमच्यावर असेल तर १९५३-५४. ‘सी’ बर्मिंगहॅमवर १९५२-५३, चेस्टरवर १९५३-५४. म्हणजे आधी गावाचा छाप ओळखायचा, मग अक्षर. उलट क्रमाने वाचणारा हमखास फसतो.

छाप मोजायचे कसे

गावं ओळखायची ती अशी. लंडनला बिबट्याचं तोंड, १८२१ नंतर मुकुटाशिवाय. बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, जे गाव समुद्रापासून इतकं लांब आहे त्याला. शेफील्डला मुकुट, तोही १९७४ पर्यंतच, पुढे गुलाब आला. चेस्टरला तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. एडिंबराला तीन बुरुजांचा किल्ला. ग्लासगोला झाड, त्यावर पक्षी, लटकती घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा, आणि हे सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. चेस्टरचं कार्यालय १९६२ मध्ये आणि ग्लासगोचं १९६४ मध्ये बंद झालं, म्हणून या दोन गावांचे छाप असलेला चमचा संग्राहक जरा जास्त जपतात.

स्टर्लिंगची खूण म्हणून इंग्लंडच्या चारही कार्यालयांत चालता सिंह मारला जायचा. स्कॉटलंडचं तंत्र निराळं. एडिंबरा सिंहाऐवजी थिसल हे काटेरी फूल मारायचं. ग्लासगो मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह मारायचं आणि १९१४ पासून त्याच्या जोडीला थिसलसुद्धा.

यातून छापांची संख्या ठरते. इंग्लंडच्या चमच्यावर पाच छाप हवेत: कारखानदाराची आद्याक्षरं, चालता सिंह, गाव, वर्षाक्षर आणि राणीचं मुंडकं. एडिंबरालाही पाच. ग्लासगोला सहा. या पेटीत ग्लासगोच्या चमच्यावर सहा भरले, लंडन, बर्मिंगहॅम, चेस्टर आणि एडिंबराच्या चमच्यांवर पाच-पाच. शेफील्डवर चारच.

पाचवा झिजून गेला असेल, अशी पहिली शंका कुणालाही येईल. पण छाप झिजतात ते सगळे मिळून, एकटा एक झिजत नाही. इथे मुकुट आणि सिंह खणखणीत होते, सिंहाच्या शेपटीची वळणं मोजता येत होती, आणि पुढची जागा सपाट, आरशासारखी. पुसलेल्या छापाच्या जागी धातू किंचित खोलगट लागतो आणि फुंकर मारल्यावर वाफेत त्याची कडा उमटते. दांडा थंड असताना तोंडाजवळ धरून ‘हा’ करायचं आणि दिवा बाजूने तिरका ठेवून दहापट भिंगाने बघायचं. बाफ उडता उडता दोनतीन सेकंद सगळं दिसतं. इथे काही उमटलं नाही. मुंडकं कधी मारलंच नव्हतं.

एवढ्याने निकाल लागत नाही, कारण मुंडकं ऐच्छिक होतं. ते नसलेला १९५३ चा चमचा असू शकतो. निकाल लावला वर्षाक्षराने. शेफील्डची ती माळ १९४३ ला ‘ए’पासून निघाली, ‘जे’ वगळून मोजत गेलं की १९५२ ला ‘के’, १९५३ ला ‘एल’, १९५४ ला ‘एम’ आणि १९५५ ला ‘एन’. आधीच्या माळेतही ‘एन’ आहे, १९३० चा, पण तो लहान लिपीतला, आणि इथे मोठ्या लिपीतला होता. नंतरच्या ‘एन’ला, १९८७ च्या, मुकुटाऐवजी गुलाब असतो. म्हणजे हा चमचा जुलै १९५५ नंतर छापला गेला. तोपर्यंत राज्याभिषेकाचा छाप बंदही झाला होता.

जोडप्याच्या यादीत ‘एन’ सुरुवातीपासून लिहिलेला होता. फक्त सगळीच अक्षरं संशयित ठरवल्यामुळे खरा संशयित गर्दीत लपला.

खोटा की बदललेला

उपरा म्हणजे बनावट नव्हे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या तपासणीतून मिळतात.

वजनं अशी आली. लंडन २०.९ ग्रॅम, बर्मिंगहॅम २०.६, चेस्टर २०.८, एडिंबरा २०.७, ग्लासगो २०.८, शेफील्ड १८.७. पाच चमच्यांत फरक फार तर ०.३ ग्रॅमचा आणि सहावा एकदम दोन ग्रॅमने हलका. एकाच ठशातून, एकाच जाडीच्या पत्र्यातून काढलेले चमचे इतके हुकत नाहीत. कारखानदाराची आद्याक्षरं मात्र तीच, घडण तीच, दांड्याच्या टोकाची गोलाई तीच. बोटात धरल्यावर शेफील्डचा दांडा मध्यावर जरा पातळ लागत होता.

मग घनतेची चाचणी. घरी करता येते, फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा हवा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. चमचा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरायचा. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी चमच्याने बाजूला सारलं. चमच्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. स्टर्लिंगची घनता १०.३ ते १०.४ च्या दरम्यान येते. शेफील्डचा चमचा कोरडा १८.६६ ग्रॅम, पाण्यातला आकडा १.८०, भागाकार १०.३७. चोख. हाच चमचा मुलामा दिलेल्या जर्मन सिल्व्हरचा असता तर पाण्यातला आकडा २.१ च्या पुढे गेला असता आणि घनता पावणेनऊच्या आसपास अडकली असती. वाटीच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि घनता कमी दिसते. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा आणि चमचा हलवून बुडबुडे सोडवायचे.

जर्मन सिल्व्हर हे नाव मराठी घरांत ताटवाट्यांमुळे परिचयाचं आहे. त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त एवढंच. ब्रिटिश मुलाम्याची भांडी बहुतांश याच धातूवर चढवलेली असतात आणि त्यांच्यावरचे छाप मुद्दाम हॉलमार्कसारखे दिसतील असे, चौकटीत एकेक अक्षर, ओळीने मारलेले असतात. जुन्या वस्तूवर चालता सिंह नसेल तर ती इंग्लंडची स्टर्लिंग नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळते. सराफाकडच्या एक्स-रे यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक इशारा: ते यंत्र फक्त वरचा थर वाचतं. चांगला जाड मुलामा असेल तर आकडा ९२.५ नव्हे, ९८-९९ असा येतो. साडेब्याण्णवच्या वस्तूवर इतकी ‘शुद्ध’ चांदी दिसली तर खूश होऊ नका, वाटीच्या टोकाची झिजलेली कड पुन्हा वाचायला सांगा. आणि तेजाबाचा थेंब टाकू देऊ नका. छापाशेजारी पडलेला तो डाग आयुष्यभर राहतो.

बनावट छापांची ठेवण वेगळी असते. खरा छाप पोलादी पंचाने ठोकलेला असतो, त्यामुळे कडा धारदार आणि दांड्याच्या उलट बाजूला किंचित दाबाची खूण. साच्यात ओतून केलेल्या नकलेत छापाच्या कडा मेणासारख्या वितळल्यागत दिसतात, वाटीच्या आत बारीक दाणे राहतात आणि दोन नगांवर एकच ओरखडा हुबेहूब सापडतो. तो ओरखडा मूळ चमच्यावरचा असतो, साच्यासकट उचललेला. या पेटीत तसं काही नव्हतं.

म्हणजे शेफील्डचा चमचा खरा, स्टर्लिंग, त्याच कारखान्याचा, पण दोन-तीन वर्षांनी केलेला. बहुधा मूळ चमचा हरवला आणि कुणीतरी त्याच नमुन्याचा एक सुटा आणून खोबण भरली. पेटीनेही तेच सांगितलं. बाकी पाच चमचे खोबणीत दाबून बसत होते, हा बोटाने ढकलला की हलत होता. पेटी मिटली की वाट्यांचे फुगीर भाग जिथे झाकणाच्या सॅटिनला टेकतात तिथे वर्षानुवर्षांचे करडे ठसे उमटले होते. पाच ठसे वाट्यांशी नेमके जुळत होते. सहावा ठसा होता, पण शेफील्डच्या वाटीपेक्षा जरा वर आणि रुंद.

झाकणावरच्या दुकानाच्या नावाचा मात्र काही उपयोग झाला नाही. ते विकणाऱ्याचं नाव, बनवणाऱ्याचं नव्हे. एकाच कारखान्याचा माल पन्नास दुकानांच्या पेट्यांत जायचा.

भाव

सहा चमचे मिळून १२२.५ ग्रॅम. त्याला ०.९२५ ने गुणलं की शुद्ध चांदी ११३.३ ग्रॅम, म्हणजे ३१.१ ग्रॅमच्या ट्रॉय औंसात साधारण ३.६४ औंस. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की धातूमूल्य मिळतं. ही तळाची रेषा. मोडीत घालणारा यातूनही आपली कसर कापतो, म्हणून हातात यापेक्षा कमीच पडते.

पूर्ण, जुळता, पेटीसह संच या रेषेच्या वर किती जावा याचं ठरीव गणित नाही. पण संच तुटला की वरचा भाग सहावा हिस्सा कमी होत नाही, त्याहून बराच जास्त कोसळतो, कारण गिऱ्हाईक ‘सहाही कार्यालयं, सहाही मुंडकी’ यासाठी पैसे मोजत असतं. सुटे पाच चमचे ही कुणाच्या मागणीतली वस्तू नाही. चांदीचा भाव चढता असेल तेव्हा असे अर्धवट संच सरळ भट्टीत जातात. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

जोडप्यापुढे तीन वाटा होत्या. वर्णनाशी जुळत नाही म्हणून परत करायचं. किंवा भाव पाडून ठेवायचं. किंवा ठेवून शेफील्डचा ‘के’ किंवा ‘एल’ अक्षराचा, मुंडकं असलेला, त्याच कारखानदाराचा चमचा शोधायचा. तिसरी वाट ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात सुटा मिळणारा शेफील्डचा राज्याभिषेकी चमचा कुणा दुसऱ्याचा असाच संच फोडून आलेला असतो, किंवा सहा शेफील्डच्याच चमच्यांच्या पेटीतला. शिवाय कारखानदार, घडण आणि वजन तिन्ही जुळायला हवं. २०.५ ते २१ ग्रॅमच्या बाहेरचा आणला तर पुन्हा तोच हलणारा चमचा.

त्यांनी छापांचे फोटो आणि अक्षरांचा तक्ता विकणाऱ्यापुढे ठेवला. त्यालाही कल्पना नव्हती असं दिसलं. सौदा धातूमूल्याच्या सुमारे १.४ पटीवर ठरला. हा भाव रास्त होता. पाच खऱ्या चमच्यांत चेस्टर आणि ग्लासगो दोन्ही शाबूत होते आणि पेटीचं बिजागर चांगलं होतं. १.७ पटीच्या वर गेले असते तर जास्त ठरलं असतं.

बाजारात भेटणाऱ्या इतर ‘राजेशाही’ मुंडक्यांविषयी इथेच सांगून टाकावं. पंचम जॉर्जच्या १९३५ च्या रौप्यमहोत्सवाला राजा-राणीची जोडमुंडकी आहेत, दोघं डावीकडे बघणारी. १९७७ च्या रौप्यमहोत्सवाला राणी एकटी, डावीकडे बघणारी. म्हणजे १९५३ आणि १९७७ यांत भेद मुख्यतः तोंडाच्या दिशेचा. पुढे २००२, २०१२ आणि २०२२ च्या महोत्सवांना आणि २०२३ च्या तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला स्मरणछाप निघाले. १९११ आणि १९३७ च्या राज्याभिषेकांना असा छाप नाही. तिथे प्रसंग कोरलेला असतो किंवा घडणीत असतो, हॉलमार्कमध्ये नाही. १९३७ ची तर गंमतच आहे. १२ मे ही तारीख आठव्या एडवर्डसाठी ठरली होती, त्याने गादी सोडली आणि त्याच तारखेला सहाव्या जॉर्जचा अभिषेक उरकला. त्यामुळे तारीख तीच आणि राजा दोन, अशा वस्तू सापडतात.

सर्वांत महाग पडणारी चूक व्हिक्टोरियाच्या मुंडक्याची. १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मुंडकं मारत. ते कराचं मुंडकं आहे, कोणत्याही सोहळ्याचं नाही. १८८७ च्या चमच्यावर व्हिक्टोरिया दिसली की ‘सुवर्णमहोत्सवी छाप’ म्हणून दुप्पट भाव सांगतात. त्या वर्षीच्या प्रत्येक साध्या चमच्यावर ती असते.

मुंबईत अपोलो बंदरावर १९११ साली उतरून दिल्ली दरबाराला गेलेल्या राजाराणीच्या आठवणीची चांदी जुन्या घरांतून अधूनमधून निघते. ती परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी थांबा. शंभर वर्षं पुरी झालेल्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९५३ ची पेटी त्या वयाची अजून झालेली नाही.

घरी आणल्यावर

पुण्याहून सासूबाईंचा फोनवरचा सल्ला लगोलग आला: ‘अगं, रांगोळीनं घास, लख्ख निघतील.’ देवाच्या भांड्यांना पिढ्यानपिढ्या हे चालत आलंय, आणि म्हणूनच जुन्या निरांजनांवरची नावं वाचता येत नाहीत. रांगोळीतले आणि दंतमंजनातले खरखरीत कण दरवेळी थोडी चांदी खरवडून नेतात. निरांजनाला त्याने फरक पडत नाही, पण या चमच्याची अर्धी किंमत मिलिमीटरभर छापांत आहे. चिंच-लिंबाची आंबटाई आणि बाजारातली बुडवून काढायची द्रावणंही इथे नकोत. त्यांतून चमचा निर्जीव पांढरट निघतो आणि छापांच्या खोलगट जागेतला जो काळेपणा त्यांना वाचनीय बनवतो तोच धुऊन जातो.

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडका आणि लगेच कोरडं करणं एवढं बहुतेक वेळा पुरतं. काळेपणा दाट असेल तर चांदीसाठीची मऊ पेस्ट फक्त वाटीला आणि दांड्याच्या पुढच्या बाजूला, वर्षातून एकदा. छापांवर हात फिरवायचा नाही. डिशवॉशर वर्ज्य.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. अंडं, लोकर, फेल्ट आणि रबर, सगळ्यांत गंधक असतं. रबरबँडने बांधून ठेवलेल्या चमच्यांवर पडलेली काळी रेघ धातूत खोल शिरते आणि घासून जात नाही. मीठ वेगळ्या प्रकारे खातं, त्याने बारीक खड्डे पडतात, म्हणून हे चमचे मिठाच्या किंवा लोणच्याच्या बरणीत कधी ठेवायचे नाहीत. चहात साखर ढवळायला खुशाल वापरा, वापरातली चांदी कमी काळवंडते. पेटी मात्र पन्नासच्या दशकातल्या सरसाची आणि कापडाची आहे, तिची खात्री नाही. चमचे आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळून, काळेपणा रोखणाऱ्या पट्टीसह बंद पिशवीत ठेवले आणि पेटी वेगळी. कोकणात किंवा मुंबईत ठेवायचे असते तर पावसाळ्यात सिलिका जेलची पुडीही लागली असती.

पेटीत एक छोटं कार्ड टाकलं. पेन्सिलने, कारण शाई सॅटिनला लागते. त्यावर सहाही गावं, अक्षरं, छापांची संख्या आणि वजनं एकाखाली एक. शेफील्डच्या ओळीत ‘एन, चार छाप, १८.७ ग्रॅम, मुंडकं नाही, १९५५-५६, नंतर बदललेला’. खाली दुसऱ्या ओळीची जागा कोरी सोडली आहे, ‘के’ किंवा ‘एल’ मिळाला तर.